तिखट लागतं म्हणजे काय होतं?

मामलेदारची तिखट मिसळ खाऊन बाहेर पडलेल्या ठाणेकराला विचारलं, तिखट कुठे लागलं, तर तो जीभ दाखवेल. पण तुर्भ्याच्या मसाला बाजारात लवंगी मिरचीच्या गोण्या उतरवणाऱ्या माथाडीच्या जिभेला मिरची लागलेली नसते. तरी त्याचे डोळे चुरचुरतात, नाक झोंबतं, ठसका लागतो. घरी मिरच्या चिरल्यावर बोटांचीही आग होते. डोळ्यांत आणि बोटांवर चव ओळखणाऱ्या रुचिकलिका नाहीत, मग तिथे तिखट लागतं कसं?

आयुर्वेदाने सहा रसांत तिखटाला मानाचं स्थान दिलं आहे, आणि जेवणाच्या ताटापुरतं ते बरोबरच आहे. शरीरशास्त्र मात्र गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मांसाच्या रश्शासारखी चव, एवढ्याच मूळ चवी धरतं. चेतासंस्थेच्या दृष्टीने तिखट म्हणजे भाजल्याची सूचना. ती चवीच्या वाटेने जात नाही, वेदनेच्या वाटेने जाते.

ही वाट समजायला थोडी शरीररचना हवी. मेंदू आणि पाठीच्या कण्यातून उतरणारा मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. मेंदूशी थेट जोडलेल्या चेतांच्या 12 जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या 31 जोड्या शरीरभर पसरतात, ती परिघीय चेतासंस्था. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव त्या 12 जोड्यांतली सातवी चेता नेते, मागच्या भागाची नववी. त्याच पुढच्या भागाची आग मात्र पाचवी चेता वाहते. तिला तीन फाटे आहेत: एक कपाळ आणि डोळ्यांकडे, दुसरा गाल, नाक आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे आणि जिभेकडे. दाढ ठणकते तीही हिच्याचमुळे कळते. मसाला बाजारात डोळे आणि नाक एकदम का झोंबतात, याचं उत्तर या फाट्यांत आहे. बोटांची आग नेण्याचं काम मेरुरज्जूच्या चेतांचं.

आता या चेतेच्या टोकाशी जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. वेदना जाणणाऱ्या चेतापेशींच्या टोकांवर एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही-1 नावाचं. त्याचा शोध अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये लावला आणि 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळालं. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातलं एक सूक्ष्म दार. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याला चिकटलं की तेच दार नेहमीच्या तापमानालाही उघडतं. मेंदूला कळतं ते एवढंच की दार उघडलं. कशाने उघडलं हे त्याला वेगळं कळण्याची सोय नाही. म्हणून गार पडलेला रस्साही जाळतो. पक्ष्यांच्या शरीरातल्या याच प्रथिनावर कॅप्सायसिनचा परिणाम जवळजवळ होत नाही. पोपट मिरच्या निवांत खातो तो त्यामुळे.

दार उघडलं की कॅल्शियम आणि सोडियमचे धनभारित कण आत शिरतात. विश्रांतीत असलेल्या चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असतो. तो फरक पुरेसा घटला की विजेची एक लाट उठते आणि पेशीच्या लांब तंतूवरून पुढे सरकते. एका जागी ही उलथापालथ एखाद्या मिलिसेकंदात आटोपते. तंतूवर मायलिनचं स्निग्ध वेष्टण असेल तर लाट वेगाने धावते. सर्वांत वेगवान तंतूंत हा वेग सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो. जळजळीचे बरेचसे तंतू मात्र बिनवेष्टणाचे. त्यांचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटर किंवा त्याहून कमी. पायाचं बोट उंबऱ्याला ठेचलं की आधी आपटल्याचं कळतं आणि ठणका मागून येतो, तो या फरकामुळे.

संदेश आधी मेंदूच्या बुंध्याशी, म्हणजे मस्तिष्कस्तंभाशी पोहोचतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडात लाळ हा सगळा बंदोबस्त स्वायत्त चेतासंस्था इथूनच करते, आपल्याला न विचारता. तापलेल्या तव्याला हात लागला तर मेरुरज्जूही असंच परस्पर स्नायू आकुंचित करून हात मागे घ्यायला लावतो. बाकीचा संदेश दुसऱ्या बाजूला ओलांडून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या केंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात जातो. तिथे स्पर्श आणि वेदनेच्या पट्ट्यात ओठ, जीभ आणि बोटांना मिळालेली जागा अख्ख्या पाठीपेक्षा कितीतरी जास्त आहे. मिरचीचा कण जिभेच्या नेमक्या कुठल्या कडेला लागला हे सांगता येतं ते त्यामुळे.

पाणी प्यायल्याने आग शमत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुधातलं केसिन प्रथिन त्याला धरून नेतं. मिसळीसोबत दही मागवणारे योग्यच करतात.

घास गिळला तरी चेतासंस्थेची हद्द संपत नाही. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. शरीराबाहेर काढलेला आतड्याचा तुकडा योग्य द्रावणात ठेवला, तरी त्यात आकुंचनाच्या लाटा उठतात; मेंदूची गरज पडत नाही. दहावी चेता या जाळ्याला मेंदूशी जोडते. तिच्यातले बहुसंख्य तंतू मेंदूचा हुकूम खाली आणत नाहीत, पोटाची खबर वर नेतात. शाळेच्या आकृतीत मेंदूपासून खाली निघालेले बाण पाहून आपली समजूत नेमकी उलटी झालेली असते, म्हणून हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. आतड्यातही टीआरपीव्ही-1 असलेली टोकं आहेत, म्हणून झणझणीत जेवणाची आठवण दुसऱ्या दिवशी सकाळीही होते.

रोज तिखट खाणाऱ्यांना ते कमी बोचतं, कारण वारंवार कॅप्सायसिन लागल्यावर ही टोकं पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. वैद्यकाने याचाच उपयोग केला. नागीण बरी झाल्यावरही काहींच्या कातडीत महिनोन्‌महिने आग राहते, कारण विषाणूने चेतेलाच इजा केलेली असते. अशा वेदनेवर आठ टक्के कॅप्सायसिनची पट्टी वापरतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण तासभर लावतात, पायांवर अर्धा तास. आधी मोठी जळजळ होते, मग कातडीतली ती टोकं आक्रसतात आणि निपचित पडतात. ज्यांना गुण येतो त्यांना सुमारे तीन महिने आराम मिळतो. तेवढ्यात टोकं पुन्हा वाढतात, आणि वेदना परतली तर पट्टी पुन्हा लावता येते.