ट्यूबवाला की प्लेटवाला? गिअरबॉक्सचा कूलर निवडताना आणि बसवताना

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल थंड करणारे कूलर दोन जातीचे, ट्यूबवाला अन प्लेटवाला. समोरून दोन्ही सारखेच दिसतात, काळा चौकोनी डबा, उष्णता हवेत सोडणाऱ्या बारीक पात्या म्हणजे फिन्स, तेल आत-बाहेर जायला दोन नोजल, आणि दुकानात दोन्हीला ऑइल कूलरच म्हणतात, मग लोक साइज अन भाव पाहून एक उचलून आणतात. पण भाऊ, आतून दोघांचा काही संबंध नाही.

ट्यूबवाल्यात एकच लांब नळी नागमोडी फिरवलेली असते, सगळं तेल त्या एकाच वाटेनं जातं. प्लेटवाल्यात चपट्या पोकळ प्लेटा एकावर एक रचलेल्या असतात, तेल सगळ्यांत वाटल्या जातं आणि आतल्या बारीक पत्र्यांमुळे घुसळत राहतं, म्हणजे गरम तेल सारखं धातूला लागत राहतं. म्हणून त्याच साइजमध्ये प्लेटवाला जास्त उष्णता काढतो आणि तेलाचं प्रेशरही कमी अडवतो.

नागपुरात हा फरक चांगलाच जाणवतो. गिअरबॉक्सचं तेल साधारण ८० ते ९५ डिग्रीत सुखी असतं, मे महिन्यात बाहेर ४५, म्हणजे थंड करायला हाती फरक उरला जेमतेम ३५-५० चा, जानेवारीच्या सकाळी तोच ७०-८० च्या आसपास असतो. हिवाळ्यात मस्त चाललेला छोटा ट्यूबवाला मे मध्ये कमी पडतो तो यामुळेच. ताकद वाढवायला ट्यून केलेली टर्बो गाडी असेल तर मी सरळ प्लेटवालाच घ्या म्हणीन. गाडी जवळपास स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच असेल तर ट्यूबवाला पुरतो, स्वस्तही आहे. आणि प्लेटवाल्याची एक गोष्ट लक्षात ठेवा, गिअरबॉक्स कधी आतून फुटला तर धातूचा चुरा त्या प्लेटांमध्ये अडकतो, धुऊन पूर्ण निघत नाही, कूलर बदलावाच लागतो.

पैसे टाकायच्या आधी गिअरबॉक्स कोणता ते पाहा. पोलो जीटी टीएसआयमधल्या ७ स्पीड डीएसजीचा, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा क्लच कोरडा आहे, तिथं क्लच थंड करणारं तेलच नाही, मग कूलर लावून काय थंड करणार? टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) किंवा ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचवालीलाच याचा फायदा.

लोक समजतात समृद्धीवर १२० नं गेलं की तेल तापते. उलट आहे. तिथं कन्व्हर्टर लॉक असतो, म्हणजे इंजिन अन गिअरबॉक्स थेट जोडलेले, स्लिप नाही, वर भरपूर हवा. खरं तापते ते सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये, कन्व्हर्टर स्लिप होतोय अन समोरून वारा शून्य. म्हणून कूलरला स्वतःचा छोटा फॅन अन टेम्परेचर स्विच लावाच.

जागा एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीच्या) पुढे, मध्ये बोटभर फट सोडून. तिथं सगळ्यात थंड हवा मिळते, एसी किंचित कमी होतो पण चालते. बंपरच्या कोपऱ्यात कोंबू नका, आपल्या घरच्या डेझर्ट कूलरला जशी समोरची खिडकी उघडी लागते तशी इथंही गरम हवा मागून निघायला वाट पाहिजे, नाहीतर कितीही मोठा कूलर व्यर्थ. किटमधल्या प्लास्टिकच्या पट्ट्या फिन्समधून आरपार ओढून बांधायची पद्धत मला बिलकुल पटत नाही, व्हायब्रेशननं घासून नळीलाच भोक पडते. पट्टीचे ब्रॅकेट बनवून घ्या, खाली रबर. नोजल वर किंवा बाजूला, खाली ठेवले तर आत हवा अडकते.

रेडिएटरमधला कारखान्याचा कूलर काढू नका. गिअरबॉक्सचं गरम तेल आधी रेडिएटरमधून, मग नव्या कूलरमधून, अन तिथून परत गिअरबॉक्समध्ये. हिवाळ्यासाठी लाइनीत थर्मोस्टॅट टाकला तर उत्तमच, थंड तेल उगाच फिरत नाही. पाइप ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनलेलाच घ्या, पेट्रोलचा पाइप त्या उष्णतेत कडक होऊन तडकतो आणि मग रस्त्यात सगळं तेल खाली.

बसवल्यावर कूलर अन पाइपात भरेल तेवढं तेल जास्तीचं लागते, तेव्हा गाडी चालवून, कंपनीनं सांगितलेल्या टेम्परेचरला लेव्हल तपासा आणि जॉइंट पुन्हा एकदा पाहून घ्या.