अ‍ॅप्रेंटिस आणि इंजिनिअर ट्रेनी: एकाच कारखान्यातील दोन वेगळे करार

चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा अंबडच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात नव्याने आलेल्या अभियंत्यांची तुकडी सुरक्षा-प्रशिक्षणाला बसते, तेव्हा सर्वांच्या अंगात एकाच रंगाचा शर्ट आणि पायांत एकाच प्रकारचे सेफ्टी शूज असतात. ओळखपत्र जवळून वाचले, तर मात्र काहींच्या नावाखाली ‘ग्रॅज्युएट अ‍ॅप्रेंटिस’ आणि काहींच्या नावाखाली ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’, म्हणजेच बोलीतले ‘जीईटी’, असे लिहिलेले आढळते. पदविकाधारकांमध्येही हीच विभागणी असते. दोघांनाही वर्षभर ‘ट्रेनिंगला आहे’ असेच म्हटले जाते, घरीही तसेच सांगितले जाते आणि म्हणूनच हातात पत्र पडल्यावर त्यातील अटी न वाचता सही करणाऱ्यांची संख्या मोठी असते. प्रत्यक्षात हे दोन करार मुळापासून वेगळे आहेत. अ‍ॅप्रेंटिसला शिकवण्याचे बंधन कायद्याने कारखान्यावर टाकलेले असते, पण वर्षाअखेरीस त्याला नोकरी देण्याचे बंधन सहसा नसते. इंजिनिअर ट्रेनीला कारखान्याने नोकरीवरच घेतलेले असते, पण त्याला किती आणि काय शिकवायचे हे कारखान्याच्या इच्छेवर अवलंबून असते. पुढचे सारे फरक यातूनच निघतात.

अ‍ॅप्रेंटिसचा आधार म्हणजे शिकाऊ उमेदवार कायदा, 1961. आरंभी तो आयटीआयच्या ट्रेडपुरता होता. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्यात आले. ज्या आस्थापनेत 30 किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात, तिने एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे 2019 च्या सुधारित नियमांपासून बंधन आहे आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. अभियंत्यांची ही योजना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची असून ‘नॅट्स’ या नावाने ओळखली जाते, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठी तिचे काम मुंबईतील बोर्ड ऑफ अ‍ॅप्रेंटिसशिप ट्रेनिंग, पश्चिम विभाग, हे कार्यालय पाहते. आयटीआय झालेल्यांची ‘नॅप्स’ ही योजना कौशल्यविकास मंत्रालयाकडे आहे. नावे सारखी असल्याने अर्ज भलत्याच पोर्टलवर भरला जातो, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

इंजिनिअर ट्रेनी या पदासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. ते कंपनीने स्वतः निर्माण केलेले पद आहे. कॅम्पसमधून निवड, नियुक्तिपत्र, वर्षभराचा प्रशिक्षण किंवा परिविक्षा (प्रोबेशन) काळ, शेवटी मूल्यमापन आणि मग सहायक अभियंता किंवा तत्सम पदावर कायम होणे, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

पत्र हातात असेल, तर कोणता करार आहे हे ओळखणे अवघड नाही. अ‍ॅप्रेंटिसच्या पत्रात ‘विद्यावेतन’ किंवा ‘स्टायपेंड’ हा शब्द असतो, 1961 च्या कायद्याचा उल्लेख असतो आणि मुख्य म्हणजे पोर्टलवर नोंदवलेला शिकाऊ उमेदवारीचा करार असतो, ज्याचा नोंदणी क्रमांक उमेदवाराला मिळतो. ट्रेनीच्या पत्रात वार्षिक सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण वार्षिक खर्च), परिविक्षा काळ, नोटीस कालावधी, भविष्य निर्वाह निधीची कपात आणि बऱ्याचदा एक-दोन वर्षांचा बाँड असतो. पत्रात शब्द ‘ट्रेनी’ असेल, रक्कम ‘स्टायपेंड’ म्हणून दिली जात असेल आणि पोर्टलवर कसलीच नोंदणी नसेल, तर मात्र सावध व्हावे. अशा उमेदवाराला ना अ‍ॅप्रेंटिसचे संरक्षण मिळते, ना कर्मचाऱ्याचे लाभ, आणि वाद निर्माण झालाच तर कामाचे खरे स्वरूप सिद्ध करत बसण्याची वेळ त्याच्यावर येते. म्हणून मनुष्यबळ विभागाला पहिल्याच दिवशी, नम्रपणे पण लेखी, विचारावे की माझी नोंदणी शिकाऊ उमेदवार कायद्याखाली झाली आहे का, आणि झाली असल्यास करार क्रमांक कोणता.

पैशाचा फरक सर्वांना दिसतो. 2019 च्या नियमांनी पदवीधर अ‍ॅप्रेंटिसचे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये आणि पदविकाधारकाचे 8,000 रुपये ठरवले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. किमान रकमेचा निम्मा भाग केंद्र सरकार उचलते आणि चांगल्या कंपन्या किमानापेक्षा पुष्कळ अधिक देतात. ट्रेनीचा पगार कंपनी ठरवते आणि तो सहसा यापेक्षा बराच जास्त असतो. कमी दिसणारा फरक कायद्याच्या कलम 18 मध्ये आहे: शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही ‘कर्मचारी’ या संज्ञेतून या कायद्याखालील अ‍ॅप्रेंटिस वगळलेलाच आहे.

याचा अर्थ अ‍ॅप्रेंटिस उघड्यावर पडलेला असतो, असा कोणी घेऊ नये. कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांच्या तरतुदी त्यालाही लागू आहेत आणि प्रशिक्षणादरम्यान अपघातात इजा झाली, तर कलम 16 नुसार भरपाईची जबाबदारी मालकावर येते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालील सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. कलम 13 मध्ये तर याहून महत्त्वाची गोष्ट आहे: अ‍ॅप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत आणि उत्पादनावर आधारित बोनस किंवा प्रोत्साहन योजनेत त्याला सामील करता येत नाही. शिकणाऱ्या माणसाला शिफ्टच्या आकड्याला जुंपू नये, हा त्यामागचा विचार मला या संपूर्ण कायद्यातील सर्वांत शहाणा विचार वाटतो.

तो का, हे मशीनजवळ उभे राहिल्यावर कळते. सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या कातणयंत्रावर) गिअरच्या ब्लँकमध्ये (दाते पाडण्याआधीच्या तुकड्यात) 32 मिलिमीटरचा बोअर (गोल भोक) करायचा आहे आणि ड्रॉइंगवर एच7 ही मापातील मान्य फरकाची खूण लिहिली आहे, म्हणजे बोअर 32.000 ते 32.025 मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे. नव्या मुलाला सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) प्रथम बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारे साधन) मास्टर रिंगमध्ये (अचूक मापाच्या कड्यात) शून्यावर कसे लावायचे ते दाखवतो, मग जॉब (घडवला जाणारा भाग) पुसायला लावतो, मग गेज आत घालून किंचित झुलवत सुईचा परतीचा बिंदू वाचायला शिकवतो. इथवरचे शिकणे एका दिवसात होते. पुढचे होत नाही. मशीनमधून नुकताच निघालेला, खोलीच्या तापमानापेक्षा 20 अंशांनी गरम असलेला पोलादी जॉब मोजला, तर हा बोअर सुमारे 7 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा दिसतो, म्हणजे हातात असलेल्या 25 मायक्रॉनपैकी पावहिस्सा तेथेच जातो. गेजवर ‘ओके’ असलेला जॉब थंड झाल्यावर रिजेक्ट का झाला, याचे उत्तर बहुधा येथे सापडते. इन्सर्ट (हत्याराची बदलता येणारी धार) झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो, त्यासाठी काही मायक्रॉनचा ऑफसेट (धारेच्या जागेची दुरुस्ती) केव्हा द्यायचा आणि केव्हा थांबून इन्सर्टच बदलायचा, हे ठरवायला रीडिंगचा कल पाहावा लागतो. इन्सर्ट बदलला की पहिल्या पीसची तपासणी पुन्हा करावी लागते, कारण नवी धार जुन्या जागी तंतोतंत बसेलच असे नाही.

हे सर्व आकड्याच्या मागे धावताना शिकता येत नाही. त्यासाठी थांबण्याची मुभा, चुकलेला जॉब हातात घेऊन विचार करण्याची मुभा आणि तोच सेल (मशीनचा गट) महिनोन् महिने पाहण्याची सवड लागते. ती कायद्याने अ‍ॅप्रेंटिसला दिलेली आहे. एकाच विभागात दीर्घकाळ राहिल्याने त्याचा मशीनवर जो हात बसतो, तो ट्रेनीला क्वचितच मिळतो, कारण ट्रेनी त्या सेलवर दोन-तीन आठवडेच असतो. त्याची फिरती असते: स्टोअर्स, उत्पादन नियोजन, गुणवत्ता, देखभाल, कधी खरेदी विभाग. मशीनवर तो कच्चा राहतो हे खरे, पण त्याच बोअरचे रीडिंग कंट्रोल चार्टवर (मापांचा कल दाखवणाऱ्या आलेखावर) कसे चढते, ग्राहकाची तक्रार आल्यावर कोणती बॅच थांबवली जाते आणि तो निर्णय कोण घेते, हे त्याला दिसते. शेवटच्या काही महिन्यांत एखादा सुधारणा-प्रकल्प त्याच्याकडे सोपवतात, सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ) कमी करण्याचा किंवा रिजेक्शन उतरवण्याचा, आणि वरिष्ठांसमोर त्याचे सादरीकरण घेऊन त्यावर कायम करायचे की नाही ते ठरवतात.

दोन्ही बाजूंना हे नेहमी असेच घडते, असे म्हणता येणार नाही. वर्षभर एकाच पॅकिंगच्या किंवा लोडिंगच्या जागेवर उभा केलेला पदवीधर अ‍ॅप्रेंटिस मी पाहिलेला आहे, आणि एकच नव्हे. ही त्या मुलाची फसवणूक आहे आणि तिला ‘इंडस्ट्री एक्स्पोजर’ म्हणू नये. अशा वेळी अ‍ॅप्रेंटिसकडे धरायला काहीतरी असते: प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद ठेवणे मालकाला कलम 19 नुसार बंधनकारक आहे, आणि करारावरून उद्भवणारा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो. मालकाने अटी न पाळल्यामुळे करार मोडला, तर तीन महिन्यांच्या विद्यावेतनाइतकी भरपाईही नियमांत आहे. म्हणून रोज काय शिकलो याची वही स्वतः ठेवावी, तारखेसह, आणि विभागप्रमुखाची सही घेत जावी. ट्रेनीच्या बाबतीत असेच काही घडले, उदाहरणार्थ सुपरवायझर कमी पडतात म्हणून तिसऱ्याच आठवड्यात त्याला रात्रपाळीची संपूर्ण लाइन सांभाळायला दिली, तर त्याला शिकवले नाही म्हणून दाद मागण्याची जागा नाही. तो कर्मचारी आहे आणि काम त्याला नेमून दिलेले आहे.

वर्ष संपल्यावर काय, हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात. ट्रेनीचे मूल्यमापन समाधानकारक असेल, तर तो कायम होतो. अ‍ॅप्रेंटिसला मात्र बोर्डाचे प्रमाणपत्र मिळते आणि करार तेथे संपतो. कलम 22 नुसार त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही, करारातच तशी अट घातलेली असेल तेवढा अपवाद. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवायचे आहे, तेव्हा ते धोरण काय आहे हे रुजू होण्यापूर्वीच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित अ‍ॅप्रेंटिसला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सांगितले. हे प्राधान्य आहे, नोकरीचा हक्क नव्हे. अनुभवाच्या मोजणीतही फरक पडतो. सेवायोजन कार्यालयात हे प्रमाणपत्र अनुभव म्हणून नोंदवता येते, पण पुष्कळ भरती-जाहिरातींत शिकाऊ उमेदवारीचा काळ अनुभवात धरला जाणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असते, त्यामुळे जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे आवश्यक आहे. ट्रेनीचे वर्ष सहसा सरळ नोकरीचा अनुभव म्हणून धरले जाते.

दोन्ही पत्रे एकदम हातात असतील आणि घरची परिस्थिती पगारावर अवलंबून असेल, तर ट्रेनीचे पद स्वीकारण्यात काहीच गैर नाही. पगाराची निकड नसेल आणि उत्पादन किंवा टूलिंगमध्येच आयुष्य काढायचे ठरवलेले असेल, तर ज्या कारखान्यात शिकवणारी माणसे आहेत तेथील अ‍ॅप्रेंटिसशिप मी अधिक मोलाची मानतो. मात्र क्रम उलटा करता येत नाही: एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ नोकरी वा प्रशिक्षण झालेला अभियंता शिकाऊ उमेदवारीला पात्र राहत नाही, त्यामुळे आधी ट्रेनी म्हणून वर्ष काढून मग अ‍ॅप्रेंटिसशिपचा विचार करणाऱ्याला पोर्टलवर नोंदणीच करता येणार नाही. अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण करून नंतर ट्रेनीच्या पदासाठी अर्ज करण्याला कायद्याची आडकाठी नाही. फक्त कंपनीने ठरवलेली पदवी-वर्षाची अट तोवर ओलांडली जाणार नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.