काविळीचा चिनी काढा सर्वांसाठी एकच नाही

पारंपरिक चिनी वैद्यकात काविळीवर यिनछन वनस्पतीचा एकच काढा असून तो कोणत्याही काविळीला चालतो, हा समज वर्षानुवर्षे फिरत आहे. खुद्द त्या शास्त्राला तो मान्य नाही. तेथे रोगाचे मूळ मुख्यतः प्लीहा व जठरात साचलेल्या ओलाव्यात मानतात आणि वैद्य आधी पिवळेपणाची छटा न्याहाळतो: त्वचा पिकल्या संत्र्यासारखी झळझळीत, सोबत ताप आणि तहान असेल तर ‘यांग’ म्हणजे उष्ण प्रकारची कावीळ, धुरकट, निस्तेज असेल तर ‘यिन’ म्हणजे शीत प्रकारची. चीनच्या हान राजवटीच्या काळातील वैद्य चांग चुंगचिंग यांचा प्रसिद्ध काढा यांग प्रकारासाठी आहे. त्यात दवण्याच्या कुळातील यिनछन आधी एकटी उकळून पाणी निम्मे आटवतात, मगच अनंताच्या जातीची फळे आणि रेवंदचिनी घालतात. रेवंदचिनी रेचक असल्याने यिन प्रकारातील अशक्त रुग्णाला हा काढा बाधू शकतो. त्याच्यासाठी सुंठीसारखी उष्ण द्रव्ये योजतात.

वनौषधीने अपाय होत नाही, ही समजूत तर अधिक घातक आहे. हुआंगलियन या मुळीतील बर्बेरीन हे द्रव्य नवजात बाळाची कावीळ वाढवू शकते, म्हणून सिंगापूरने १९७८ मध्ये त्यावर बंदी घातली होती. ती पुढे उठवली गेली, तरी नवजात बाळांसाठीची सावधगिरी कायम आहे. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, तर कोणत्याही काढ्यात वेळ न दवडता रुग्णालयच गाठावे लागते.