‘फुल इन्शुरन्स’ असूनही कारचा क्लेम का अडकतो?

‘आमचा फुल इन्शुरन्स आहे’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पॉलिसीचा कागद उघडूनही पाहिलेला नसतो. त्यावर ‘फुल’ हा शब्द कुठेच छापलेला नसतो.

सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कुणी जखमी झालं किंवा कुणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई यातून मिळते. मालमत्तेसाठी मर्यादा साडेसात लाख रुपये. तुमच्या स्वतःच्या बंपरसाठी यात एक पैसाही नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ लागतो. त्यात अपघात, आग, पूर आणि चोरी येते. दोन्ही एकत्र घेतले की कॉम्प्रिहेन्सिव्ह. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो.

आता पहिली फसगत. सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा दिलेला असतो. कागदावर दोन तारखा असतात, माणूस लांबची वाचतो आणि निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं, ओन डॅमेज कधीच संपलाय. शिवाय तो संपून 90 दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलतही जाते. हा बोनस पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो, 50 टक्क्यांपर्यंत चढायला क्लेमशिवाय पाच वर्षं लागतात.

सर्वांत जास्त क्लेम बुडताना पाहिले ते जुन्या गाड्यांचे. आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर, पॉलिसी अजून जुन्याच्या. एजंट सांगतो, ‘काही होत नाही, रिन्यूअलला बदलू.’ होतं! गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टी विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो, पण ओन डॅमेज आपोआप जात नाही. मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. सोबत नवी आरसी किंवा विक्रीचा पुरावा, जुनी पॉलिसी आणि ट्रान्सफर फी लागते. बोनस विकणाऱ्याचा असतो, त्यामुळे त्याला मिळालेल्या सवलतीची उरलेल्या मुदतीपुरती रक्कम तुम्हाला भरावी लागते. ते पैसे वाचवायला अर्जच न करणारे महाभाग आहेत.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसी आणि पॉलिसी, दोन्हीकडे हवी. एकीकडे करून लोक दुसरीकडची विसरतात.

अपघाताच्या क्लेमला क्लेम फॉर्म, आरसी, चालकाचं लायसन्स, पॉलिसी आणि दुरुस्तीचं एस्टिमेट द्यायचं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजमध्ये गाडी खोलू देऊ नका. बिल पूर्ण मिळेल ही आशाही नको: रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्यापोटीची रक्कम कापतात. ‘झिरो डेप’ हे घसारा न कापण्याचं जादा कव्हर घेतलं असेल तर यातला बराचसा घसारा वाचतो, पण त्याच्या अटी वाचा. टायर-बॅटरी अनेकदा त्यातही धरत नाहीत.

चोरीच्या क्लेमला एफआयआर लगेच हवा. कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. पण तिथवर जायची वेळ कशाला आणता, त्याच दिवशी कळवा. पुढे गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल लागतो आणि त्यासाठी महिनोन्‌महिने खेटे पडतात. मग कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एकच दिलीत तर दुसरी गाडीतच राहिली होती, असा संशय घेतात. दुसरी हरवली असेल तर ती हरवली तेव्हाच पोलिसांत तक्रार देऊन पोच जपून ठेवा. जुनी गाडी घेताना विकणाऱ्याने एकच किल्ली दिली, तर तसं त्याच्या सहीने लिहून घ्या.