उसाचा ट्रॅक्टर पुढून का उठतो?

गळीत हंगाम सुरू झाला की फोनवर तेच व्हिडिओ फिरू लागतात. मागे उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या, समोर चढ आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत. त्यावर दणदणीत गाणं, खाली कौतुक: ‘काय ताकद आहे!’ इंजिनाला श्रेय द्या, पण निम्मंच. उरलेली करामत शाळेत शिकलेल्या तरफेची आहे.

मागचं चाक जमिनीला टेकतं तो या तरफेचा टेकू. ट्रॉल्या हुकाला मागे ओढतात आणि हुक जमिनीपासून जितका उंच, तितका तो ओढा ट्रॅक्टरला मागे उलथवतो. ढोबळ हिशेब करू. ट्रॅक्टर 2 टनांचा, त्यातले 800 किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर 2 मीटर. ट्रॉल्या मालासकट 15 टन, चढ दहा मीटरला एक मीटर. म्हणजे हुकावर साधारण 1500 किलोंचा ओढा. हुक अर्ध्या मीटरवर असेल तर 1500 गुणिले 0.5 भागिले 2, म्हणजे 375 किलो भार पुढून मागे सरकतो. पुढे 425 उरतात, स्टिअरिंग ऐकतं. आता रुतलेली ट्रॉली काढायला कुणी साखळी वर टॉप लिंकपाशी (अवजार जोडायच्या वरच्या दांड्यापाशी), 1 मीटरवर अडकवली, की ओढा तेवढाच असला तरी 750 किलो गेले! उरलेल्या पन्नासांना क्लचचा एक झटका पुरतो. ट्रॉलीच्या दांडीचा हुकावर पडणारा भार आणि चढामुळे मागे कलणारं ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन तर मी धरलेलंच नाही.

हुक खाली असला की आणखी एक गंमत होते. नाक वर जाताना हुक आणखी खाली जातो, तरफ आखूड होते, आणि ट्रॅक्टर बहुधा आपोआप खाली बसतो.

बॉनेटवर दोन पोरं बसवणं हा यावरचा लोकप्रिय उपाय. भौतिकशास्त्र बरोबर, अक्कल शून्य. त्यापेक्षा पुढे लोखंडी वजनं लावता येतात. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीचं वजन या हिशेबात धरण्याइतकं नाही.

उतारावर प्रकरण उलटं होतं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसले तर आख्खा माल ट्रॅक्टरला ढकलतो, आणि वळणावर तो रेटा तिरका लागला की ट्रॅक्टर आडवा फिरतो. म्हणून जुने चालक उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतात, म्हणजे इंजिनच वेग अडवून धरतं. मध्यावर गिअर बदलायला क्लच दाबला, की तेवढा वेळ इंजिनाची अडवणूक संपली आणि गाडी 15 टनांच्या मर्जीवर.