शुश्रूषा शाळेत कशी आली

नववीला ‘हेल्थकेअर’ घेतलंय असं पोरानं सांगितलं की घरी पहिला प्रश्न येतो, “म्हणजे नर्सिंग काय रे?” नर्सिंग नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, अंग पुसणं, ताप-नाडीची नोंद ठेवणं, हात नीट धुणं असं हे शिक्षण. कौशल्यशिक्षणाच्या पातळ्या ठरवणारा राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ साली अधिसूचित झाला, त्यानंतर हा विषय निवडक शाळांत पोचला.

कोल्हापुरात शिक्षण आणि दवाखाना यांचं नातं त्याहून जुनं. संस्थानात स्त्रीशिक्षणाचं काम पाहणाऱ्या रखमाबाई केळवकरांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, रुजू झाल्या. शाहू महाराजांचा त्यांना भक्कम पाठिंबा होता. १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.

बाई डॉक्टर झाली, तरी शुश्रूषा हा काही शाळेचा विषय झाला नाही. जुन्या मॅट्रिकला शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र असायचं, पण गृहशास्त्राच्या पंगतीत. ते बहुतेक मुलींच्याच वाट्याला यायचं. कोठारी शिक्षण आयोगानं (१९६४-६६) व्यवसायशिक्षणाचा आग्रह धरला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर १९९५ पर्यंत अकरावी-बारावीचे २५ टक्के विद्यार्थी तिकडे वळवायचं ठरवलं. ते जमलं नाही. पण त्याच लाटेत आपल्याकडे एमसीव्हीसी, म्हणजे अकरावी-बारावीचं किमान कौशल्यांवर आधारित व्यवसायशिक्षण, आलं, मेडिकल लॅब टेक्निशियन आणि पाळणाघर व्यवस्थापन हे अभ्यासक्रम घेऊन. पुढे बालक, वृद्ध आणि आरोग्यसेवेचाही एक अभ्यासक्रम निघाला.

परीक्षानळी हातात धरण्याला मान आहे, म्हाताऱ्याचं अंथरूण बदलण्याला नाही. ते काम सुनेनं करायचं. सून पुण्याला नोकरीला असेल तर ब्युरोतून बाई बोलवायची. त्या बाईला हे काम कुणी शिकवलं, हे आपण विचारत नाही.

सामाजिक सेवेची बाजू तर शाळेच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. अंगणवाडी योजना १९७५ ची, पण तिथलं काम शिकायचं ते नेमणूक झाल्यावर. समाजकार्य शिकायचं तर पदवीनंतर कोल्हापूरच्या सायबर या संस्थेत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कामाची तोंडओळख आहे. शाळेत हेल्थकेअर शिकवणारे प्रशिक्षक मात्र बहुधा खासगी संस्थांमार्फत, कंत्राटावर नेमलेले असतात.