दुसऱ्याची सेन्सी आपल्या अंगठ्याला का बसत नाही?

"काऊन रे, तुही सेन्सी किती हाय?" वणी असो, पुसद असो की हिंगणघाट, संध्याकाळी पोट्टे मोबाईलवर बंदुकीचे खेळ खेळायला बसले की हा प्रश्न ऐकू येतोच. सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी, अंगठा एवढा हलवला तर पडद्यावर नेम किती फिरावा याचा आकडा. हरलेला पोरगा जिंकणाऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेतो, चार दिवस खेळतो आणि पुन्हा बदलतो. हे आकडे उसने का चालत नाहीत, त्याची कारणं थोडी यंत्रात आहेत; जास्त आहेत ती हातात.

माणसाचा हात लक्ष्याकडे दोन टप्प्यांत जातो, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ मध्येच मांडलं होतं. आधी एक मोठी, अगोदरच ठरलेली झेप. मग डोळ्यांनी बघत बघत केलेली बारीक दुरुस्ती. १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने अशा हालचालीला लागणाऱ्या वेळेचं सूत्र दिलं: लक्ष्याचं अंतर दुप्पट झालं किंवा त्याची रुंदी निम्मी झाली, तर लागणारा वेळ दुप्पट होत नाही, एका ठरावीक मापाने वाढतो. सेन्सी चढवली की झेप झटकन होते, पण अंगठ्याचा थरथराटही तेवढाच मोठा होऊन पडद्यावर उमटतो आणि दुरुस्ती हुकते. उतरवली की दुरुस्ती छान जमते, पण शत्रू पाठीमागे आला तर वळायलाच अंगठा दोन-तीनदा घासावा लागतो. मधली जागा प्रत्येकाची वेगळी. अंगठ्याची लांबी, पडद्याचा आकार, फोन धरायची ढब, सगळं त्यात येतं.

हॅरिस आणि वोल्पर्ट या संशोधकांनी १९९८ मध्ये या विषयात एक महत्त्वाचा विचार मांडला. मेंदू स्नायूंना जो हुकूम सोडतो त्यात थोडी गडबड मिसळलेलीच असते, आणि हुकूम जितका जोरकस तितकी गडबड जास्त. घाबरून जोरात झटका दिलेला नेम भलतीकडे जातो तो यामुळे. कुठल्याही सेटिंगने हे पूर्ण जात नाही.

आता कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचं, बटणं आणि अंगठ्याने कलवायच्या काड्या असलेलं खेळाचं उपकरण. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईलसारख्या खेळाला तो ब्लूटूथने जोडता येतो. पडद्यावर बोट थांबलं की नेम थांबतो. कंट्रोलरची काडी मात्र नुसती कलती धरली तरी नेम फिरतच राहतो. बोट जागा सांगतं, काडी वेग सांगते. त्यामुळे टचवरचा आकडा कंट्रोलरवर चढवण्यात काही अर्थ नाही.

बऱ्याच कंट्रोलरमध्ये काडीखाली पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर सरकणारा धातूचा संपर्क. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायला हीच युक्ती होती. पट्टी झिजली, धूळ बसली (आणि आपल्याकडे धुळीला काय तोटा!) की काडी सोडल्यावरही शून्य येत नाही आणि नेम आपोआप सरकू लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे डेडझोन: काडीची सुरुवातीची थोडी हालचाल खेळाने मोजायचीच नाही. जुन्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, तसंच हे. फरक एवढाच की इथला ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. डेडझोन शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि नेम सरकायचा थांबला की किंचित पुढे नेऊन सोडून द्यावा. उगाच मोठा ठेवला तर बारीक दुरुस्तीच मारली जाते. नव्या काही कंट्रोलरमध्ये घासणारा भागच नसतो. तिथे चुंबक आणि एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम काम करतो: काडीबरोबर चुंबक हलला की विजेचा दाब बदलतो आणि त्यावरून काडीची जागा कळते.

सेन्सीइतकंच महत्त्व रिस्पॉन्स कर्व्हला, म्हणजे काडी किती ढकलली की नेमाचा वेग किती या हिशेबाला आहे, पण त्याकडे कोणी बघत नाही. सरळ कर्व्हमध्ये काडी अर्धी ढकलली की वेगही अर्धा. वर्गाच्या कर्व्हमध्ये (आकड्याला त्याच आकड्याने गुणायचं) अर्ध्याचा पाव होतो, ३० टक्क्यांचे फक्त ९ टक्के होतात, पूर्ण ढकलली तर मात्र पूर्ण वेग मिळतो. म्हणजे मधोमध संथपणा आणि कडेला झपाटा, दोन्ही एकाच काडीत. माझ्या मते नवख्याने आकड्यांशी झुंजण्याआधी हा कर्व्ह बदलून बघावा.

फोनमधला जायरोस्कोप मनगटाच्या वळण्यावर नेम हलवतो आणि बारीक दुरुस्तीला तो फार कामाचा आहे. एसटीत बसून मात्र त्याचा नाद करू नये. गाडी वळली की नेमही वळतो.

बदल एका वेळी एकच करावा आणि त्यावर काही दिवस टिकून राहावं. हाताची हालचाल आणि पडद्यावरचा परिणाम यांचा मेळ लहान मेंदू चुकांमधून शिकत बसवतो; रोज आकडा बदलला की त्याची शिकवणी रोज नव्याने सुरू होते.

उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, फोन तापतो आणि जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. सेकंदाला ६० चित्रांची ४० झाली की दोन चित्रांमधलं अंतर साधारण १७ मिलिसेकंदांवरून २५ वर जातं. आकडा तोच असूनही नेम जड वाटतो. त्यात घामाचा थेंब पडद्याला बोटासारखाच भासू शकतो. अशा वेळी सेन्सीला हात लावण्याआधी फोनचं कव्हर काढावं, चार्जिंग बंद करावं आणि अंगठा पुसावा.